लाचखाऊ कान

माझ्या कानांवर माझा काडीचाही भरवसा उरलेला नाही. ऐकू व्यवस्थित येतं, तक्रार ती नाही. तक्रार अशी की हे कान लाच खातात. आणि लाच तरी केवढी? एक डेसिबल. तीच बीट, म्हणजे रॅपच्या मागे वाजणारं संगीत; तीच किक, म्हणजे ड्रमचा धप्प ठोका; तोच पियानो. फक्त दुसऱ्यांदा वाजवताना पातळी डेसिबलभर वर न्या. कान असं म्हणत नाहीत की ‘आवाज वाढवलात वाटतं?’ कान म्हणतात, ‘वा, आता कशी मोकळी वाटतेय!’

घरी बीट बनवणाऱ्यांचे निम्मे भोग या एका खोडीतून सुरू होतात. नवं प्लगइन, म्हणजे आवाजाला नटवणारं जोड-सॉफ्टवेअर, उघडावं, त्यातलं व्हिंटेज अमुकतमुक नावाचं प्रीसेट, म्हणजे तयार सेटिंग, लावावं आणि बीट एकदम उजळून निघावी. आपण खूश, प्लगइन विकणारा खूश. मग कुठूनशी सद्बुद्धी होऊन आउटपुटचा नॉब मागे घ्यावा, पातळी आधीइतकी करावी, पुन्हा ऐकावं, तर उजेड गायब. वाढला होता तो नुसता आवाज. दर वेळी अशी पातळी जुळवून ऐकलं तर अर्धी प्लगइन्स काढून टाकावी लागतील, म्हणून हा उद्योग फारसं कोणी करत नाही. मीही सठीसामासीच करते.

मुळात बीट बनवण्यात त्रास नसतोच. एका संध्याकाळीही होते. किक, स्नेअर, हाय-हॅट असे ड्रमचे आवाज, खाली ८०८चा लांबलचक बेस आणि वर पियानोची एक उदास ओळ. (उदासच लागते. आनंदी पियानोवर रॅप करायला कोणी तयार होत नाही.) ८०८ म्हणजे रोलंड कंपनीचं टीआर-८०८ हे १९८० सालचं ड्रम मशीन. खऱ्या ड्रमसारखं वाजत नाही म्हणून तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली, तीनेक वर्षांत त्याचं उत्पादनही थांबलं. आज त्याच्याच किकचा घुमारा लांबवून अख्खी पिढी बेस वाजवते आहे.

आणि तिथेच मिक्सिंगची, म्हणजे सगळे आवाज एकमेकांत बसवण्याची, पहिली भानगड होते. किकचा जीव साधारण ५०-६० हर्ट्झला (म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं; आकडा लहान तितका सूर खालचा), ८०८चाही तिथेच. दोन्ही एकदम वाजले की दोन्ही ऐकू येत नाहीत, नुसतं काहीतरी गढूळ ढवळल्यासारखं होतं. यावर उपाय साइडचेनचा: किक पडली की आवाज दाबणाऱ्या कॉम्प्रेसरने क्षणभर बेसची मान खाली दाबायची आणि लगेच सोडायची. ऐकायला सोपं आहे. पण ‘लगेच’ म्हणजे ऐंशी मिलिसेकंद की एकशेवीस, हे ठरवण्यात माणसाची उमेद खर्ची पडते, आणि जग या दोन्हींतला फरक ओळखत नाही हेही तेव्हाच कळून चुकतं.

किक दिसू लागली की पियानो मागे गेल्यासारखा वाटतो. पियानो वाढवला की स्नेअर बिचारी वाटते. स्नेअरला न्याय दिला की हाय-हॅट रुसते. तिची समजूत काढेपर्यंत पुन्हा बेस कमी पडतो. अशी सगळ्यांना आळीपाळीने पगारवाढ दिली की मास्टरचा, म्हणजे सगळ्यांच्या एकत्रित आवाजाचा, मीटर लाल होतो. जाणकार सांगतात की वाढवू नका, कमी करा. जे पुढे हवं त्याला हात न लावता बाकीच्यांना मागे सारा, पियानोतला न लागणारा खालचा गाळ ईक्यूने, म्हणजे हवे ते सूर कमीजास्त करणाऱ्या साधनाने, कापून टाका. सल्ला सोळा आणे खरा आहे. पण कमी केलं की आवाज कमी होतो, आणि आवाज कमी झाला की कान लगेच तोंड वाकडं करतात. लाच खाणाऱ्याकडून काटकसरीला सही कशी मिळणार?

त्यात मी काम करते रात्री, म्हणजे हळू आवाजात. हळू आवाजात माणसाला खालचे सूर फार कमी ऐकू येतात. हे माझं रडगाणं नव्हे. बेल लॅबोरेटरीजच्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्ये त्याचे आलेखच काढून ठेवलेत. आवाज जसजसा वाढवावा तसतसा बेस कानात भरत जातो. म्हणजे रात्री दीड वाजता बेस बेताचा वाटावा इतका वाढवला की तीच फाइल सकाळी दणक्यात लावल्यावर टेबलावरची पेनं चालायला लागतात. आई आतून विचारते, ‘अगं, खाली ड्रिलिंग चाललंय का?’

आवाजाचं एक झालं, खोलीचं आणखी निराळं. ५० हर्ट्झची लाट जवळजवळ सात मीटर लांब असते. माझी खोली तेवढी नाही. बिचारी लाट भिंतीवर आपटून परत येते, येणारीला भेटते, आणि खोलीत कुठे दुप्पट होते तर कुठे चक्क नाहीशी. माझ्या खुर्चीची जागा नेमकी नाहीशी होण्याची. खुर्ची हातभर मागे घेतली की बेसला पूर येतो, आणखी कोपऱ्याकडे सरकवली की छातीत धडधडतं. एकाच बीटच्या एवढ्या आवृत्त्या एकाच खोलीत. सगळे म्हणतात, स्पीकर चांगले घ्या. घ्या! चांगला स्पीकर वाईट खोलीत ठेवला की तो खोलीचा वाईटपणा जास्त स्पष्ट वाजवतो.

शिवाय कपाटाची मूठ. बाकी सगळ्या सुरांना ती गप्प असते. ८०८ खालच्या ‘जी’वर, म्हणजे ४९ हर्ट्झला आला, की ‘झर्रर्र’ करते. स्क्रू पिळून झाले, मुठीत कापूस कोंबून झाला. दुसऱ्या सुरात बीट बनवली तर ती गप्प बसते; पण माझा हात आपोआप ‘जी’वरच जातो. शेवटी मी तिला वाद्यवृंदात धरलं. बाकीच्या श्रोत्यांना ही मूठ मिळत नाही, एवढीच खंत.

स्पीकरच्या बाबतीत मोठ्या स्टुडिओंचंही फार वेगळं नाही, हे कळल्यावर जरा बरं वाटलं. यामाहाचे एनएस-१० हे स्पीकर १९७८ मध्ये घरी गाणी ऐकायला म्हणून आले. घरात कोणाला फारसे रुचले नाहीत, पण स्टुडिओत टेबलाटेबलावर जाऊन बसले, कारण त्यांच्यावर चांगलं वाजलं की कशावरही चांगलं वाजतं, असा बोलबाला झाला. त्यांचा वरचा आवाज इतका बोचायचा की ध्वनिमुद्रक मंडळी ट्वीटरवर, म्हणजे वरचे सूर वाजवणाऱ्या भागावर, टिश्यू पेपर चिकटवायची. आणि मग कुठला टिश्यू, एकपदरी की दुपदरी, यावर त्यांचे वाद. हे वाचलं त्या दिवशी मला या धंद्याबद्दल खरी आपुलकी वाटली.

खरी परीक्षा फोनवर. फोनच्या एवढ्याशा स्पीकरला ५० हर्ट्झ वाजवणं जमतच नाही. आईला बीट फोनवर ऐकवली तर ती म्हणते, ‘छान आहे गं, पण तो धप्प आवाज कुठाय?’ तिचं बरोबर असतं, धप्प आवाज तिथे नसतोच. मग ८०८वर सॅच्युरेशन लावायचं, म्हणजे बेसला जरासं फाडायचं. त्यातून १००, १५०, २००, २५० असे वरचे स्वरांश निघतात. त्यातले फोनला झेपतील तेवढे तो वाजवतो आणि मेंदू ‘म्हणजे खाली ५० असणारच’ असं गृहीत धरून उरलेलं स्वतः भरतो. आई खूश. ती जो बेस ऐकून मान डोलावते तो हवेत कुठेही नाही, तिच्या डोक्यात आहे. इतक्या खटपटीनंतर माझी सर्वात चांगली बेसलाइन ही अशी निघाली.

मास्टरिंगमध्ये, म्हणजे तयार बीटवर शेवटचा हात फिरवताना, या लाचखोरीला राजमान्यता मिळते. डिजिटल आवाजाला शून्य डेसिबल ही छत. वर जागा नाही. लिमिटर सगळी शिखरं छताखाली दाबतो आणि उरलेलं सगळं वर उचलतो. उचलावं तितकं कान टाळ्या वाजवतात. डोंगरदऱ्यांचा वेव्हफॉर्म हळूहळू सपाट पट्टा होतो, स्नेअरचा फटका टिचकीवर येतो, तरी कान म्हणतात आणखी, आणखी. अशी दाबून दाबून उणे ७ एलयूएफएसवर (हे कानाला एकूण आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) नेलेली बीट स्पॉटिफायवर टाकली की ते नेहमीच्या सेटिंगला सगळ्यांना साधारण उणे १४ला आणतात, म्हणजे माझा आवाज ७ डेसिबलने खाली. लाच जप्त. उरतो फक्त टिचकीवर आलेला स्नेअर. हे सगळं माहीत असूनही लिमिटरचा नॉब समोर दिसला की हात थांबत नाही, हा भाग वेगळा.

पण कान खरेदी करायला नेहमी डेसिबलही लागत नाही. माझा मावसभाऊ रॅप करतो आणि माझ्या बीट्सचा तो एकमेव कायमस्वरूपी ग्राहक आहे. पैसे देत नाही, सूचना देतो. खुर्चीमागे उभा राहून म्हणतो, ‘ताई, जरा वॉर्म कर ना. म्हणजे, कळलं ना तुला?’ मला कळलेलं नसतं, त्यालाही नसतं. त्याच्यासाठी मी मास्टरवर एक ईक्यू बायपास करून ठेवलाय. मोठा देखणा आहे, नॉब चांगले जाड. मी भुवया आकसून एक नॉब अगदी केसभर फिरवते. तो डोळे मिटतो. ‘अं... किंचित कमी.’ किंचित कमी करते. ‘बास! आता आलं बघ.’ ज्या प्लगइनमधून आवाज जातच नाही त्याच्या जोरावर आमच्या चार बीट्स मंजूर झाल्या आहेत.

परवा मात्र त्याने डाव उलटवला. माझ्याच खोलीत, स्पीकरवर बीट लावून, फोन हातात धरून त्याने रॅप रेकॉर्ड केला. मी म्हटलं, अरे, ही नुसती चाचणी, नीट हेडफोन लावून करू. बरं म्हणाला आणि घरी जाऊन तेच रेकॉर्डिंग मित्रांना पाठवून मोकळा झाला. माझं साइडचेन, सॅच्युरेशन, लिमिटर, सगळं त्या फोनच्या माइकने एका घोटात गिळलं. मित्रांना आवडलं. विशेषतः एक आवाज. रात्री त्याचा फोन आला.

‘ताई, बेस खाली येतो तेव्हा ते झर्रर्र होतं ना, ते कुठलं प्लगइन? पुढच्या बीटमध्ये जास्त टाक.’

आता मुठीतला कापूस काढून तिच्यासमोर माइक उभा केलाय. मूठ नीट झरझरायला स्पीकर चांगलाच चढवावा लागतो, त्यामुळे आई देवळात जाते ती अर्ध्या तासाची वेळ धरली आहे. पहिल्या फेरीत सूर चांगला आला, पण खिडकीची काचही सोबत गायला लागली. तिला ईक्यूने काढायचं की ठेवायचं, ते दोन्ही पातळ्या जुळवून ऐकल्यावर ठरवीन.