छातीत पन्नास हर्ट्झ

गणपतीची आरती झाली, मंत्रपुष्पांजली झाली, की बाळूकाका शर्टाची बाही वर सरकवायला लागतात. ते दिसलं की मी प्रसादाची वाटी उचलून स्वयंपाकघराकडे सटकते. पण काका चिवट.

"अगं, इकडे ये. हे कोपराजवळ बघ जरा. मंगळवारपासून खाजतंय."

"काका, मी डॉक्टर नाहीये. बायोमेडिकल इंजिनिअरिंग करतेय."

"हो गं, माहितीये मला. मेडिकलच ना? बघ."

मी बघते. बघितल्याशिवाय सुटका नसते. "डास चावला असेल," असं निदान करते. काका समाधानानं बाही खाली घेतात आणि चपला घालता घालता म्हणतात, "आणि आमचा गिझर झिणझिण्या देतोय. तोही बघून जा एकदा."

डोंबिवलीतली आमची बिल्डिंग चार मजल्यांची, बिनलिफ्टची. त्यामुळे वरच्या दोन मजल्यांवर गुडघेदुखी आहे, आणि ते मजले मला डॉक्टर समजतात. खालचे मजले मला वायरमन समजतात. वरून एक्स-रे येतात, खालून मिक्सर. बाळूकाका दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे ऐन सीमेवर राहतात. त्यांच्याकडून दोन्ही येतं.

मी या भानगडीत पडले ते इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडमुळे. ऑप्शन फॉर्ममध्ये कॉम्प्युटर, आयटी, इलेक्ट्रॉनिक्स असं उतरत्या आशेनं भरत गेले आणि अगदी खाली, भेळेवर शेव भुरभुरावी तसं, बायोमेडिकल टाकलं. नेमकं तेच लागलं. बाबांनी नाव फोड करून मोठ्यानं वाचलं. "बायो, मेडिकल. म्हणजे तुझ्या आईचं स्वप्न झालं. पुढे इंजिनिअरिंग. म्हणजे माझंही झालं. एका दगडात दोन पक्षी!"

यातला दगड मी, हे तिसऱ्या सेमिस्टरला कळलं. अकरावीत मी बायोलॉजी सोडली होती ती झुरळाच्या भीतीनं. कोणीतरी सांगितलं होतं की ते कापावं लागतं. आणि इथे पहिल्याच लेक्चरला पडद्यावर माणूस, तोही सोललेला. २०६ हाडं, मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या १२ जोड्या, आणि त्यांची नावं अशी की रोल कॉलला पुकारली तर कोणी ‘हजर’ म्हणणार नाही. अ‍ॅनाटॉमी शिकवायला डॉक्टर यायचे. ते आम्हाला "तुम्ही मशीनवाले" म्हणायचे. सर्किट शिकवणारे सर म्हणायचे, "तुम्ही मेडिकलवाले, तुम्हाला एवढं खोलात नको." आणि परीक्षेला मात्र दोघंही खोलात विचारायचे.

त्यात ते २०२१ साल. कॉलेज मोबाईलच्या पडद्यावर भरायचं. बाईंनी सांगितलं, ज्यांच्या घरी चालत असेल त्यांनी बोकडाचं हृदय आणा, कॅमेऱ्यासमोर उघडून बघू. आमच्याकडे चालतं. बाबा मास्क लावून खाटकाकडे गेले आणि म्हणाले, "काळीज द्या."

मराठी भाषेनं बाबांचा इथे घात केला. कवितेत काळीज म्हणजे हृदय. खाटकाकडे काळीज म्हणजे लिव्हर. पिशवीतून निघाला तो तपकिरी, गुळगुळीत, चकचकीत ऐवज. मी कॅमेऱ्यासमोर धरला. बाई क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, "हे पोटातलं आहे बाळा." आईनं तो ऐवज माझ्या हातातून काढून घेतला आणि कांदा चिरायला घेतला. दुसऱ्या रविवारी बाबा पुन्हा गेले, या वेळी व्यवस्थित समजावून. खाटीक म्हणाला, "असं होय! मग दिल बोला ना साहेब."

दिल निघालं माझ्या मुठीएवढं. आईच्या जुन्या विळीवर उभं चिरलं तेव्हा आत एक पांढरी झडप होती आणि तिला खालून बांधलेले पांढरे दोरे, मांज्यासारखे बारीक आणि तेवढेच चिवट. एक बोटानं ओढून बघितला, तुटेना. छत्री वाऱ्यानं उलटी होऊ नये म्हणून तिला काड्या असतात ना, तसे झडपेला हे दोरे. माणसात ही उघडझाप दिवसाला एक लाख वेळा होते, आणि तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत इंजिनिअर आणि डॉक्टरांनी मिळून अशी कृत्रिम झडप भारतात बनवली, १९९० मध्ये ती पहिल्यांदा पेशंटला बसवली, असं बाई सांगत होत्या. मी झुरळ विसरले होते. आई मात्र विळी घासत बसली ती तासभर.

त्याच सुमारास चौथ्या मजल्यावरच्या जोशीकाकूंचा रात्री अकराला फोन आला. आवाज रडवेला. "अगं, यांचा ऑक्सिजन ८६ झालाय! अ‍ॅम्ब्युलन्स बोलावू?" मागून काका स्पष्ट, दमदार आवाजात "दूध उतू जातंय" असं ओरडत होते. ८६ ऑक्सिजनवाला माणूस असं ओरडत नाही. व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. काकूंनी ऑक्सिमीटर उलटा धरला होता. ९८ उलटं केलं की ८६ होतं; खात्री करायची तर कागदावर लिहून बघा. त्या दिवसापासून वरच्या दोन मजल्यांवर माझी प्रॅक्टिस जोरात चालू आहे.

पण माझी खरी सत्त्वपरीक्षा पाहिली ती ईसीजीनं.

तिसऱ्या वर्षाला कॉलेज पुन्हा विटामातीच्या इमारतीत भरायला लागलं आणि मिनी प्रोजेक्ट मिळाला: ईसीजीचं सर्किट बनवा. पार्टनर रोल नंबर २३. मुलगा गुणी, पण त्याला रेझिस्टरवरचे, म्हणजे करंट अडवणाऱ्या इवल्या भागावरचे, रंग ओळखू येत नाहीत आणि ते तो कबूल करत नाही. तपकिरी-काळा-नारिंगी म्हणजे १० किलोओहम, तपकिरी-काळा-हिरवा म्हणजे १ मेगाओहम. शंभरपट फरक. विल्सन ग्रेटबॅच नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं हीच चूक केली होती: हृदयाचे आवाज टिपायचं सर्किट जोडताना १० किलोच्या जागी १ मेगाचा लावला, आणि ते सर्किट थांबून थांबून, हृदयासारखे ठोके द्यायला लागलं. त्यातून शरीरात बसवायचा पेसमेकर आला, १९६० मध्ये तो माणसांना बसलाही. रोल नंबर २३ ही गोष्ट वारंवार सांगतो. त्याच्या चुकीतून आतापर्यंत फक्त धूर आलाय.

धूर आला की लॅमिंग्टन रोड, मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. बारीक सिग्नल मोठा करणारी एडी ६२० नावाची आयसी, आठ पायांची, काळी, इवलीशी. झुरळाला निदान पाय सहाच असतात. दुकानदारानं विचारलं, "ओरिजिनल पाहिजे की चालणारी?" आम्ही खिशात हात घालून एकमेकांकडे बघितलं आणि चालणारी घेतली. ती चालली नाही.

मुळात प्रकरण असं आहे. हृदयाचा विजेचा सिग्नल हातापायांपर्यंत पोचतो तेव्हा तो साधारण एक मिलिव्होल्ट असतो. पेन्सिल सेलच्या दीड हजाराव्या भागाएवढा. तो हजार पट मोठा करायचा, की दिसतो. पण खोलीत ट्यूबलाइट आहेत, पंखे आहेत, भिंतीतून वायरी गेल्यात, आणि माणूस म्हणजे एक उभा अँटेना. भिंतीतली ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० हेलकाव्यांची, घरघर त्याच्या अंगात शिरते आणि हृदयापेक्षा मोठ्यानं बोलते. एकत्र कुटुंबात सून बोलायला लागली की सगळेच बोलायला लागतात, तसं.

तर आम्ही वायरी जोडल्या. लाल उजव्या हाताला, पिवळी डाव्या, हिरवी डाव्या पायाला, काळी उजव्या. पेशंट मी. सीआरओच्या, म्हणजे विजेच्या लाटा दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर एक लाट आली. सुबक, गुबगुबीत, एकसारखी. रोल नंबर २३ नाचला. "आला! ईसीजी आला!"

सर आले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "एका सेकंदात ५० लाटा. म्हणजे मिनिटाला ३००० ठोके." मग शांतपणे रोल नंबर २३ ला म्हणाले, "मुलगी जिवंत आहे का बघ. आणि हे हृदय नाही. हे वीज मंडळ आहे."

पुढचे तीन आठवडे मी त्या स्टुलावर काढले. वायरींखाली अंगाला लावायचं जेल संपलं. फिल्टर लावला तर घरघरीबरोबर मीही गायब झाले. मग रोल नंबर २३ कुठूनतरी आइंटहोवनची माहिती घेऊन आला. डच माणूस, १९२४ चं नोबेल. त्याचं यंत्र पावणेतीनशे किलोच्या आसपास होतं, चालवायला पाच माणसं लागायची, आणि पेशंट दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसायचा. १९०५ साली त्यानं लायडनच्या हॉस्पिटलातल्या पेशंटचा ईसीजी दीड किलोमीटर लांब आपल्या प्रयोगशाळेत टेलिफोनच्या तारेवरून आणला होता. आमचा स्टुलावरून टेबलावर येत नव्हता.

"मिठाचं पाणी!" रोल नंबर २३ म्हणाला. त्यानं कॅन्टीनमधून मीठ आणलं आणि बाथरूममधून तीन बादल्या. सर्किट बॅटरीवर घेतलं, एवढी अक्कल आम्हाला होती. या वेळी पेशंट तो. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, दोन हात दोन बादल्यांत, एक पाय तिसरीत, असा तो बसला आणि तेवढ्यात साफसफाईच्या मावशी दारात आल्या. त्यांनी बादल्या मोजल्या. "आंघोळ घरून करून यायची," म्हणाल्या आणि त्याच्या पायाखालची बादली घेऊन गेल्या.

एका दुपारी लाइट गेली. पंखे थांबले, ट्यूब विझल्या, सगळ्या लॅबमध्ये गारेगार शांतता. माझ्या अंगातले ५० हर्ट्झ त्या क्षणी, तीन आठवड्यांत पहिल्यांदा, निघून गेले. आता पडद्यावर फक्त मी असणार! आम्ही दोघांनी वळून बघितलं. सीआरओही बंद. तोही त्याच लाइटवर चालतो.

शेवटी वाचवलं ते लॅब असिस्टंट काकांनी. बावीस वर्षं ते आमच्यासारख्यांचा धूर हुंगतायत. येऊन उभे राहिले, टेबलावर ऐसपैस पसरलेल्या वायरींकडे बघितलं आणि मला म्हणाले, "वेणी येते का घालायला?"

"येते की."

"मग घाल. वायरींची. फटीत जेवढी जागा सोडशील तेवढी घरघर आत येते. आणि टेबल भिंतीपासून लांब घ्या."

मी चार वायरींची घट्ट वेणी घातली, शाळेत रिबिनीची घालायची तशी. टेबल सरकवलं. काळ्या वायरीवाटे अंगातली घरघर उलटी करून परत उजव्या पायात सोडायचं एक सर्किट असतं, ते रोल नंबर २३ नं (रंग मला विचारून) जोडलं. पडद्यावरची जाड लाट बारीक झाली, थरथरली, आणि तिच्यातून एक टोक वर आलं. आधी लहान उंचवटा, मग सुळका, मग पसरट टेकडी. पुन्हा उंचवटा, सुळका, टेकडी. मी श्वास रोखला तसा तो जरा हळू झाला. मी होते ती.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, पेशंट म्हणून रोल नंबर २३ ला बसवलं, कारण बोलायचं काम माझ्याकडे होतं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पडद्यावरची घरं मोजली. दोन सुळक्यांत जेमतेम अर्ध्या सेकंदाचं अंतर.

"रेट किती?"

"सर, १२०."

"बसलेल्या माणसाचा? पेशंटला होतंय काय?"

"सर, व्हायवा."

आम्ही दोघं पास झालो.

सुट्टीत एका हॉस्पिटलात महिनाभर ट्रेनिंग केलं. मशीन बंद पडल्याची तक्रार आली की पळत जायचं. निम्म्या वेळा त्याचा प्लग काढून तिथे कोणाचातरी मोबाईल चार्जिंगला लावलेला असायचा. एकदा मॉनिटर किंचाळत होता, पडद्यावर सरळ रेघ. खाली आजोबा केळं सोलत होते. "गेले का मी?" त्यांनी विचारलं. छातीवरचा इलेक्ट्रोड सुटला होता. तो चिकटवला आणि आजोबा परत आले.

एवढं सगळं शिकून झाल्यावर यंदा गणपतीत मी बाळूकाकांचा गिझर बघायला गेले. स्वतःहून. कारण आता झिणझिण्या हा शब्द ऐकला की मला झोप लागत नाही. हृदयाशी थेट जोडायच्या यंत्रातून पेशंटच्या अंगात १० मायक्रोअँपिअरपेक्षा जास्त करंट झिरपू द्यायचा नाही, असा आमच्यात नियम आहे, आणि काका गेलं वर्षभर ओल्या अंगानं तो नळ फिरवत होते. मी मेन स्विच बंद केला, हात लावायचा नाही म्हणून बजावलं आणि वायरमनला बोलावलं.

त्यानं प्लग उघडला. हिरवी वायर आत दुमडून ठेवलेली, कशालाच न जोडलेली. "अर्थिंगच नाय ओ! ताई, तुमी बरोबर वळखलं. काय करता तुमी?"

मी तोंड उघडायच्या आत काका अभिमानानं म्हणाले, "बायोमेडिकल आहे आमची!"

वायरमननं पकड खाली ठेवली, माझ्याकडे नीट निरखून बघितलं, आणि हळूच शर्टाची बाही वर सरकवली.