कुठलं बटण, ते तरी लिहा!

अमेरिकेतल्या एका दुकानाला, वेबसाइट अपंगांना वापरता येत नाही म्हणून, नऊ पानांची नोटीस! आणि साइटवर नेमकं काय बिघडलंय याला त्यात जागा किती, तर दीड ओळ. साइट स्क्रीन रीडरवर (अंधांना पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर) चालत नाही, बस्स. अहो, कुठलं पान? कुठलं बटण? फोटोला ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे त्याचं शब्दांतलं वर्णन, नाही, की फॉर्मला लेबल नाही? पॉपअपमधून टॅबची कळ दाबून बाहेर पडता येत नाही का? एक अक्षर नाही. पैशाचा आकडा मात्र डॉलरपर्यंत नेमका! दुकान कॅन्ससमधलं, साबणाचं, माणसं तीन. वकील न्यूयॉर्कचा. मजकूर छापील, फक्त दुकानाचं नाव बदललेलं.

एडीए हा अपंगांच्या हक्कांचा अमेरिकी कायदा १९९० चा. खासगी साइटसाठी केंद्राने अजून तांत्रिक नियमच काढलेला नाही. २०२४ मध्ये काढला तो राज्य आणि स्थानिक सरकारांपुरता. खासगी दाव्यात या केंद्रीय कायद्याखाली भरपाई मिळत नाही, दुरुस्तीचा आदेश आणि वकिलाची फी मिळते. म्हणून सगळा खेळ फीचा. कॅलिफोर्नियात राज्याच्या उन्रू या नागरी हक्क कायद्याने वर किमान ४,००० डॉलर भरपाई.

कॅन्ससने २०२३ मध्ये अशा दाव्यांच्या छळाविरुद्ध कायदा केला, उत्तम केलं. त्याच वकिलाने असे किती दावे लावलेत, दुकान केवढं, हे कोर्ट बघतं. नोटिशीनंतर ३० दिवसांत प्रामाणिकपणे दुरुस्तीला लागलात, तर पुढचा दावा छळाचाच असं आधी गृहीत धरतात. पण हे सगळं कोर्टात मांडायला दुकानदाराने पुन्हा वकीलच लावायचा! तीन माणसांच्या दुकानाने! तडजोड स्वस्त पडते, हे समोरच्याला पक्कं ठाऊक असतं. मुळात पान, बटण आणि तारीख नसलेली नोटीस दारातूनच परत गेली पाहिजे.

त्यात ते विजेट, म्हणजे साइट आपोआप सुधारतो म्हणणारा तयार कोड, विकणारे. म्हणे एक ओळ कोड टाका, निर्धास्त व्हा. विजेट लावलेल्या साइटवरही दावे होतात! ऑल्टमध्ये 'आयएमजी ४०३२' लिहिलं तरी बरीच तपासणी साधनं पास करतात, आणि एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर बिचाऱ्या गिऱ्हाइकाला तोच आकडा वाचून दाखवतो. आणि पांढऱ्यावर #९९९ राखाडी अक्षरं टाकणारे डिझायनर! वेबच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे अक्षर आणि पार्श्वभूमीतला कॉन्ट्रास्ट लागतो किमान ४.५ ला १, यांचा भरतो २.८५. टॅब कुठे आहे ते दाखवणारी फोकसची चौकट 'कुरूप दिसते' म्हणून काढून टाकायची, ती वेगळीच.

माऊस बाजूला ठेवा आणि नुसत्या टॅबने पैसे भरण्यापर्यंत जाऊन बघा. पाच मिनिटांचं काम, पण नोटीस पाठवणारा करत नाही आणि साइट बनवणाराही करत नाही. तडजोड झालेल्या साइट उघडून बघा. पैसे गेले, फाइल मिटली, आणि 'कार्टमध्ये टाका' अजून नुसतं डिव्हच, म्हणजे खरं बटण नव्हे, कोडमधला साधा चौकोन. टॅब त्याच्यावर थांबतच नाही.