शेवटी नाव घेतलंच म्हणे

आज 23 मार्च. सकाळी फोन उघडला तर फॅमिली ग्रुपवर पगडीतला भगतसिंग, डोक्यामागे सोनेरी वलय, खाली लिहिलेलं की फाशीच्या आधी ते आस्तिक झाले होते, पुढे पाठवा. आणि पाठवणारी आमची आत्या. डोकंच सणकलं.

अरे, त्या माणसाने लिहून ठेवलंय ना! 'मी नास्तिक का आहे', लाहोर जेल, ऑक्टोबर 1930, निकाल तोंडावर आलेला. त्यातच सांगतो की एक जण मला म्हणाला, शेवटच्या दिवसांत तूसुद्धा देव मानायला लागशील, आणि मी म्हटलं नाही, तसं झालं तर ती माझी अधोगती. म्हणजे आत्याच्या फॉरवर्डचं उत्तर 23 वर्षांचं पोरगं आधीच देऊन गेलंय आणि आपण बसलोय हात जोडलेले इमोजी टाकत.

माझ्या बाबांचं हेच केलं हो. बाबा जन्मभर देवळाबाहेर सगळ्यांच्या चपला सांभाळत उभे राहिले, आत कधी नाही. शेवटच्या रात्री तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, ओठ हलले, मी कान नेला तर "पंखा". थंडी वाजत होती त्यांना, मी उठून पंखा बंद केला. दहाव्याला घाटावर आत्या सगळ्यांना सांगतेय, दादाने शेवटी पांडुरंगाचं नाव घेतलं. प ऐकला आणि पुढचा पांडुरंग हिने घरून आणला!

हो, भाई रणधीरसिंग नावाचे एक धार्मिक शीख भगतसिंगाला जेलमध्ये भेटले होते, शीख असून केस कापल्याचा त्याला पस्तावा झाला असं ते सांगायचे. इंग्रजांविरुद्धच्या गदर चळवळीतला, जन्मठेप भोगलेला माणूस, खोटारडा नाही म्हणणार मी. पण भेट ऑक्टोबर 1930 चीच आणि निबंधही त्याच दिवसांतला, मग लिहिलेलं धरायचं की सांगितलेलं? शिक्षा टळावी म्हणून भगतसिंगाच्या वडिलांनी खटला चालवणाऱ्या ट्रिब्युनलकडे अर्ज केला तर पोराने त्यांनाच लिहिलं, पाठीत वार झाल्यासारखं वाटतंय. गव्हर्नरला लिहिलं, आम्ही युद्धकैदी, फाशी नको, गोळ्या घाला. असा माणूस गुपचूप बदलेल? वॉर्डर चतरसिंग म्हणे शेवटच्या दिवशी विनवत होता, वाहेगुरूचं नाव घे, तर हा म्हणाला आता घेतलं तर देवच मला भित्रा म्हणेल. आणि लेनिनचं पुस्तक वाचत बसला. 24 ची फाशी 23 च्या संध्याकाळीच उरकली, रातोरात सतलजच्या काठावर नेऊन जाळलं तिघांना. (आपल्या खेडच्या राजगुरूबद्दल आजच्या दिवशी एक ओळ नाही ग्रुपवर, ते एक असो.)

चांगला लांबलचक रिप्लाय टाईप केला होता आत्याला. मग खोडला. 81 वर्षांची आहे, गुडघे गेलेत, वरती गेल्यावर दादा भेटणार एवढंच धरून बसलीये, आणि तो नास्तिकच गेला असेल तर तिच्या हिशोबाने भेटणार कुठे? आणि खरं सांगू, मास्कमधून मला तरी धड ऐकू आलं का, शपथेवर नाही सांगता येणार. पण मग तिलाही नाही ना येणार!

दर वर्षश्राद्धाला येते आणि बाबांच्या फोटोला गंध लावून जाते. मी काही बोलत नाही. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने पुसतो. काचेवरच असतं, लगेच निघतं.