फोन डबीत बंद आहे, आता बोट कुठून घालू?

ज्यांनी ज्यांनी फोन हेडसेटमध्ये, म्हणजे डोळ्यांना लावायच्या भिंगांच्या डबीत, घालून पोरांना व्हीआर, म्हणजे चारी बाजूंनी दिसणारं आभासी जग, दाखवलंय, त्यांना मी काय म्हणतेय ते लगेच कळेल. बाकीच्यांनी खुशाल पुढे जा.

शनिवारची शाळा, सातवीचा वर्ग, एक हेडसेट, एक फोन आणि दारापर्यंत रांग. खुर्चीवरची मुलगी चंद्रावर उभी. मान वर करून पृथ्वी शोधत होती आणि तिला ती सापडली. "बाई, निळी! बाई, केवढीशीच!" सगळा वर्ग पुढे सरकला. तेवढ्यात तिचा आवाज बदलला. "बाई, मधे काहीतरी आलंय. दोन-दोन दिसतंय. डोळ्याला पाणी येतंय."

काय आलं होतं? "आमचं ॲप आवडलं का? पाच तारे द्या!"

अरे, आत्ता? पोरगी चंद्रावर असताना?

बरं, विचारलं ते विचारलं, पण कसं? चित्र दोन डोळ्यांसाठी दोन भागांत वाटलेलं असतं, हे ॲप बनवणाऱ्याला मी सांगायचं का? चौकट मात्र एकच, स्क्रीनच्या बरोबर मधोमध. म्हणजे डाव्या डोळ्याला तिचा डावा तुकडा, उजव्याला उजवा, आणि दोन्ही जुळता जुळत नाहीत. डोळे ताणून ताणून दुखायला लागतात. मान हलवून जो मधला ठिपका हव्या त्या गोष्टीवर नेमायचा असतो, तो या चौकटीवर चालत नाही. हेडसेटला बटण आहे, पण ते आतून स्क्रीनवर एकाच ठरलेल्या जागी टेकतं. आणि "नको" कुठे ठेवलंय? खाली, डाव्या कोपऱ्यात. तिथे बटण पोचत नाही, ठिपका पोचत नाही, बोट तर नाहीच नाही.

मग झाकण उघडा. फोन बाहेर काढा. काढताना तो उभा झाला की स्क्रीन फिरते आणि ॲप मुखपृष्ठावर जातं. "नको" दाबा. पुन्हा चंद्र निवडा. लोड होऊ द्या. मधे जाहिरात, ती संपेपर्यंत थांबा. फोन पुन्हा आत बसवा, मधली रेघ खाचेला जुळवा, नाहीतर पृथ्वी दोन दिसतात. बसवताना चिमटा नेमका पॉवरच्या बटणावर येतो आणि स्क्रीन बंद होते. पुन्हा काढा. एवढं करून पोरीच्या डोळ्यांना लावलं, तर पृथ्वी तिच्या पाठीमागे! ती खुर्चीतच मागे वळायला लागली आणि तास संपल्याची घंटा झाली. रांगेतली निम्मी पोरं तशीच बाहेर गेली. जाताना एकाने विचारलं, "बाई, आमचा नंबर कधी?" काय उत्तर देणार मी त्याला?

माझा संताप तारे मागण्यावर नाही. ॲप बनवणाऱ्याने आपलंच ॲप डबीत घालून एकदाही पाहिलेलं नाही, यावर आहे. टेबलावर फोन ठेवून, बोटाने टिचक्या मारत तपासलं आणि सोडलं बाजारात. डबीत गेल्यावर स्क्रीनला हात लागत नाही, ही अडचण काय आज कळली? 2014 मध्ये गूगलने कार्डबोर्ड नावाचं पुठ्ठ्याचं हेडसेट आणलं, तेव्हा पहिल्या दिवसापासून ती माहीत होती. म्हणून तर त्याच्या बाजूला लोहचुंबक लावलं होतं. ते सरकवलं की फोनमधलं होकायंत्र ओळखायचं. सगळ्या फोनना ते जमेना, म्हणून 2015 च्या नव्या पुठ्ठ्यात आतून स्क्रीनला टेकणारं बटण दिलं. 2016 मध्ये गूगलचंच डेड्रीम हे फोन घालायचं हेडसेट आलं, त्याच्यासोबत हातात धरायचा छोटा रिमोटच दिला. एका बोटाची सोय करायला लोकांनी एवढं डोकं लावलं, आणि तुम्ही "नको" नेऊन कोपऱ्यात ठेवता!

तेही सगळं गूगलने गुंडाळलं म्हणा. डेड्रीम 2019 मध्ये बंद, कार्डबोर्डची विक्री 2021 मध्ये बंद. सॅमसंगने आपल्या गिअर व्हीआर या फोनच्या हेडसेटचं तेच केलं, त्यांचाच 2019 चा नोट 10 फोन त्यात चालेचना. मला सगळ्यात जास्त लागलं ते गूगलचं एक्सपिडिशन्स ॲप बंद झालं ते. शिक्षकाने आपल्या टॅबवरून सगळ्या वर्गाला एकाच वेळी सहलीला न्यायचं, पोरांनी आपापल्या डब्यांत बघायचं. शाळेसाठी याहून नेमकं काही निघालं नव्हतं. 30 जून 2021 ला तेही गेलं. आता उरले ते फोनशिवाय चालणारे स्वतंत्र हेडसेट. ते घ्यायला आमच्या शाळेकडे पैसे कुठून येणार? फोन मात्र घरोघरी आहे. फोनवरचं व्हीआर हे आमच्यासाठी दुय्यम प्रतीचं व्हीआर नव्हतं, तेच एकमेव होतं. आणि तेच वाऱ्यावर सोडलं.

फोन घरोघरी आहे म्हटलं, तर त्याचीही रड ऐका. पालकांनी हौसेने जुने फोन आणून दिले. त्यातल्या बऱ्याच फोनांमध्ये जायरोस्कोपच नाही! मान फिरवली तरी चित्र ढिम्म. ॲक्सिलरोमीटरला फोन किती कलला ते कळतं, पण मान कुठे आणि किती वेगाने वळली ते कळायला जायरोस्कोपच लागतो. स्वस्त फोनमध्ये कंपन्या काटछाट तिथेही करतात, गिऱ्हाइकाला ते दिसत नाही ना. जे फोन चालतात ते एवढे मोठे की हेडसेटचं झाकण लागत नाही. 2015 चा पुठ्ठा सहा इंचापर्यंतच्या फोनसाठी होता, आजचे बहुतेक फोन सहाच्या वर. आणि झाकण लागलं तरी थोड्याच वेळात फोन तव्यासारखा तापतो, चित्र अडखळायला लागतं आणि पोरं म्हणतात, "बाई, गरगरतंय."

ॲपवाल्यांनो, फोन डबीत असेपर्यंत पोरांना काहीही विचारू नका. तारे नकोत, परवानग्या नकोत, नवी आवृत्ती नको. जे काय असेल ते सुरुवातीला, फोन माझ्या हातात असताना विचारा. अगदीच राहवत नसेल तर मान हलवून "नको" म्हणता येईल असं तरी करा.

आणि फोनवाल्यांनो, खोक्यावर मेगापिक्सेल केवढ्या ठळक अक्षरांत छापता. त्याच्याखाली एक ओळ टाका: जायरोस्कोप आहे, किंवा नाही. म्हणजे शाळेसाठी फोन घ्यायला गेलं की "सेन्सर सगळे असतात हो मॅडम" असं ठोकून देण्याची दुकानदाराची हिंमत होणार नाही.