काका मात्र हलले नाहीत

फोटो हललेला दिसला की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, "हात थरथरतो का रे तुझा?" अशा माणसांत राहून मुद्दाम हललेले फोटो काढायचे, म्हणजे फुकटचे वैद्यकीय सल्ले ओढवून घ्यायचे. मामींनी तर मला बी-ट्वेल्व्ह तपासून घ्यायला सांगितलंय.

त्यांना कसं समजवायचं? ढोल वाजवणारा १/१००० सेकंदावर, म्हणजे शटर तेवढाच वेळ उघडं ठेवून टिपला, तर टिपरू हवेतच अडकतं आणि पोरगा पुतळ्यासारखा दिसतो. तोच १/१५ वर घ्या, टिपरूचा पांढरा पट्टा उमटतो आणि फोटोतून दणका ऐकू येतो. चेहरा तेवढा स्थिर हवा. आता ढोल वाजवताना चेहरा स्थिर ठेवणारं पोर कुठे मिळतं, ते मला कळवा.

अनंत चतुर्दशीच्या दुपारी लक्ष्मी रस्त्यावर त्यात उजेडाची भर. कडक उन्हात आयएसओ १०० (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता कमी) आणि एफ/१६ (लेन्सचं छिद्र बारीक) ठेवलं तरी शटर १/१०० पेक्षा सावकाश होत नाही. मग पुढे एनडी ८ फिल्टर चढवायचा, म्हणजे लेन्सला काळा गॉगल. प्रकाश आठ पटींनी कमी, शटर १/१२ वर. इथवर गणित बरोबर.

पुढे गर्दी. ट्रायपॉडचे पाय पसरतील एवढ्या जागेत पुण्यात एक अख्खं कुटुंब मावतं, आणि वर आपल्यालाच "पुढे सरका" म्हणतं. म्हणून कॅमेरा हातातच. कोपरं बरगड्यांना टेकवायची, श्वास रोखायचा. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन आपल्या हाताची थरथर सांभाळून घेतं. मागच्या वहिनी बाळाला बाप्पा दाखवताना आपल्या खांद्यावर कोपर रोवतात, त्याचा इलाज कुठल्याच कंपनीने काढलेला नाही.

तरीही एक क्षण जमून आला. पथक रंगात, ध्वज भिरभिरतोय, मी बटण दाबलं. पडद्यावर पाहिलं तर फेटे, ढोल, ध्वज सगळं सुरेख वाहत गेलेलं. आणि मधोमध दोन्ही हातांनी मोबाइल उंच धरून व्हिडिओ काढणारे एक काका. जराही न हललेले. खिशातल्या पेनाचं टोपणसुद्धा स्पष्ट.

यात काकांचा दोष नाही. १८३८ साली फोटोग्राफीच्या आद्य जनकांपैकी एक, दागेरने पॅरिसच्या रस्त्याचा फोटो घेतला तेव्हा एक्स्पोजर, म्हणजे प्रकाश आत घेण्याचा वेळ, काही मिनिटांचं होतं. धावत्या घोडागाड्या नि माणसं पार पुसली गेली. पॉलिशवाल्यापुढे पाय ठेवून थांबलेला एक गृहस्थ तेवढा ठळक उमटला. माणूस दिसणारा सर्वांत जुना ज्ञात फोटो तो हाच, असं मानतात. सावकाश शटरचा कायदाच असा आहे : जो थांबला, तो दिसला. बाकीचे नाचून नाचून घामाघूम झाले तरी.

पथकातल्या एकाला फोटो दाखवला.

"दादा, यात मी कुठाय?"

मी भगव्या फराट्यावर बोट ठेवलं. "हा तू. गती बघ काय आलीये!"

त्याने फोटो मोठा केला, बराच वेळ निरखला.

"पेन भारी आलंय," तो म्हणाला.