साडेसहाचा अंधार

इक्वेडोरच्या राजधानीचं, क्विटोचं, तिकीट काढल्याचं मी कट्ट्यावर सांगितलं आणि शेठचा पहिला प्रश्न आला, "सोबत कोण?"

"कोणी नाही."

"क्विटोला एकटी? आणि राहणार जुन्या शहरात? अगं, डोकं ठिकाणावर आहे ना?"

स्पॅनिश अमलातली चर्चं, मठ, चौक, चढउतारांच्या अरुंद गल्ल्या. १९७८ साली युनेस्कोच्या पहिल्याच वारसा यादीत पोलंडच्या क्राकूवबरोबर हे शहर होतं. हे सगळं मी ऐकवलं, पण शेठला वारशाशी काय देणंघेणं!

"बंड्या एकटा गेला तेव्हा कुठे होतास रे?"

बंड्या पानेसियोच्या टेकडीवर, पंखवाल्या मेरीच्या पुतळ्याकडे, पायऱ्यांनी चढला. मध्येच दोघांनी गाठून फोन काढून घेतला. परत आल्यावर ती हकिगत आम्ही त्याला तीनदा सांगायला लावली आणि पोट धरून हसलो. पुढच्या प्रवासाला जाऊ नको असं कोणी म्हणालं नाही.

"टॅक्सीने जा, असं बजावलं होतं मला," बंड्या म्हणाला. "२८५० मीटर उंचीवर नुसतं चालून धाप लागते, पळणार काय कपाळ!"

"बघ!" शेठ.

"काय बघ? त्या पायऱ्या बाईमाणूस बघून जास्त उभ्या होतात का?"

इतका वेळ गप्प असलेला डॉक्टर बोलला. "तसं नाही. चोराला फोन हवा असतो, तो दिला की सुटलास. बाईच्या मागून चालणाऱ्याला काय हवंय, हे तिला शेवटपर्यंत कळत नाही."

हे मला लागलं, कारण खरं होतं. गर्दीच्या बसमध्ये पाकीट जाणं वेगळं आणि अंगाला हात लागणं वेगळं. क्विटोत त्यासाठी बसमधूनच मेसेज करून तक्रार करायची सोय काढली होती. महिलांसाठी शहरं सुरक्षित करायचा संयुक्त राष्ट्रांचा उपक्रम सुरू झाला, तेव्हा त्यासाठी निवडलेल्या पहिल्या पाच शहरांत क्विटो होतं, आणि दिल्लीही.

"दिल्लीच्या पंगतीत?" शेठ उसळला. "तू नक्की कुणाच्या बाजूने बोलतेयस?"

या एका मुद्द्यावर मी हरले, लिहून ठेवते.

बंड्याचं म्हणणं वेगळंच. सगळा मामला घड्याळाचा आहे. शहर विषुववृत्ताला चिकटून, त्यामुळे बाराही महिने सहा-साडेसहाला अंधार. दुकानं मिटली की दिवसा गजबजलेल्या गल्ल्या ओस पडतात. ला रोंदा गल्लीत शुक्रवार-शनिवारी रात्री गाणीबजावणी चालते, पण तिथून दोन चौक चालत परतायचं म्हणजे घोळ. हॉटेलातून टॅक्सी बोलवायची. २०२३च्या डिसेंबरपासून मेट्रो आहे, सान फ्रान्सिस्को चौकातच स्टेशन. आणि अंगावर काही सांडलं न् कोणी पुसायला धावला, तर थांबायचं नाही. आधी बॅग धरायची.

"म्हणजे दिवेलागणीला घरात," शेठ खूश. "माझी आजी हेच सांगायची."

"आजी जाऊच नको म्हणायची. बंड्या टॅक्सी घे म्हणतोय."

शेठ जरा वेळ चप्पल घासत बसला. मग म्हणाला, "बरं, रोज रात्री खोलीवर पोचलीस की मेसेज टाक."

"बंड्याला सांगितलं होतंस?"

"सांगितलं असतं तरी काय," बंड्या म्हणाला, "फोन होता कुठे?"