पाच पॉइंट नऊ मोठं की पाच पॉइंट दहा?

दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात आमचं कृषी केंद्र आहे. कपाशीच्या बियाण्यासोबत मी गिऱ्हाइकाला एक भाषण फुकट देतो : "पिशवी, टॅग, बिल आन् मूठभर बियाणं, पीक घरी येईस्तोवर फेकू नका. उगवलं नाही त तक्रार कायच्या भरवशावर करसान?"

असं सांगणाऱ्या माणसानं ऐन जूनच्या पहिल्या आठवड्यात स्वतःची पिशवी फेकली.

आमचं बिलाचं सॉफ्टवेअर दर अपडेटला नवं फोल्डर बांधतं. ५.७, ५.८, ५.९, ५.१०. जुनं कोणी पाडत नाही, भावकीच्या वाड्यासारखं. त्यात माझ्या हौसेच्या प्रती : '५.८ नवीन', '५.८ नवीन खरं', '५.८ हात लावू नये'. डिस्क लाल झाली. विंडोज निदान मोठ्या अपग्रेडनंतर जुना संसार 'विंडोज.ओल्ड'मध्ये ठेवते आणि १० दिवसांनी आपणच उचलून नेते. (१० दिवसांत इकडे मृगाचा एक पाऊस धड पडत नाही, पण ते असो.)

यवतमाळला कॉम्प्युटर शिकणाऱ्या भाच्यानं चार ओळींची बॅच फाइल, म्हणजे कॉम्प्युटरला ओळीनं हुकूम सोडणारी चिठ्ठी, पाठवली. "मामा, यादीतलं शेवटचं ठेवते, बाकी साफ." चालवली. शेवटचं उरलं ते ५.९.

बॅच फाइल ज्या काळ्या खिडकीत चालते, तिला आकडे कळत नाहीत, अक्षरं कळतात. टिंबापुढे एकीकडे १, दुसरीकडे ९, म्हणून ५.१० आधी. फोल्डरच्या रोजच्या खिडकीत क्रम बरोबर दिसायचा, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. बाबांना समजावलं, तर म्हणाले, "बरोबरच हाय. आमच्या गुरुजीनंबी पाच पॉइंट नऊच मोठं सांगतलं होतं."

५.९ उघडलं. डेटा नव्या आवृत्तीचा आहे म्हणे, वाचता येत नाही. डेटा दुसऱ्या ड्राइव्हवर होता म्हणून जिवंत तरी राहिला. सॉफ्टवेअरवाल्या पोराला फोन केला. "काका, ५.१० चं सेटअप जपून ठेवलं असेल ना?"

अगदी माझाच सूर!

नवीन उतरवायला घेतलं आणि लाइट गेली. बाहेर रांग. बाबा आतून बिलबुक घेऊन आले, व्हॅटचा नंबर छापलेलं, म्हणजे २०१७ ला जीएसटी आला त्याच्या आधीचं. "बियाण्याले तसाबी जीएसटी नाही. वरचा नंबर खोड आन् लिही."

पहिलं बिल फाडून दिलं. गिऱ्हाइकानं ते उलटंपालटं केलं. मी कार्बन उलटा घातला होता.

"भाऊ, मांगून उलटं उमटलं ना. हे कोन्तं नवीन अपडेट हाय?"